निकालानंतरचे आठ दिवस

एप्रिल सरत आला आणि ग्वाल्हेरच्या उन्हाने आपला खरा रंग दाखवावयास सुरुवात केली, की येथील मराठी घरांत दोन गोष्टींची वाट पाहिली जाते : संध्याकाळच्या वाऱ्याची आणि मुलांच्या निकालाची. वाऱ्यासाठी पावले फूलबागेकडे वळतात. माधवराव शिंदे महाराजांनी घडविलेल्या आणि १९२२ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सच्या भेटीच्या वेळी खुल्या झालेल्या या बागेच्या परिसरात गोपाळ मंदिर, गुरुद्वारा, मशीद आणि थिऑसॉफिकल लॉज अशी चार ठिकाणे एकमेकांच्या शेजारी गुण्यागोविंदाने नांदतात. निकाल लागला की गोपाळ मंदिराच्या पायऱ्यांवर पेढ्यांचे पुडे घेतलेली मंडळी दिसू लागतात. आनंदाचा तो क्षण पाहणाऱ्यालाही सुखावतो. परंतु त्याच संध्याकाळी ज्यांच्या घरचा दिवा लागतो आणि दार मात्र उघडत नाही, अशी घरेही प्रत्येक गल्लीत एक-दोन असतात. ती कोणाला दिसत नाहीत. हा लेख त्या घरांसाठी आहे.

जे मूल वर्षभर रखडत, धडपडत असते, त्याच्या घरच्यांनी मनाची थोडीफार तयारी केलेली असते. खरा घाव बसतो तो अनपेक्षित निकालाचा. ज्या मुलीला ऐंशी टक्क्यांची सवय, तिच्या गुणपत्रिकेवर बावन्न उमटतात. जो मुलगा गणितात कधी अडला नाही, त्याच्या नावापुढे त्याच विषयात ‘पूरक’ असा शेरा येतो. घरात क्षणभर कोणालाच काही सुचत नाही. मग एकदम सगळेच बोलू लागतात, आणि त्या बोलण्यात जे शब्द निसटतात ते पुढे वर्षानुवर्षे सलत राहतात.

पूर्वी निकाल वर्तमानपत्रांत छापून येत असे. परीक्षा क्रमांकांच्या बारीक टायपातील रांगांवरून बोट फिरवीत आपला क्रमांक शोधावयाचा, आणि तो सापडला नाही तर पुन्हा एकदा वरपासून शोधावयाचा. ती शोधाशोध घरातल्या, शेजारच्या चार माणसांच्या देखत होई, त्यामुळे मुलगा एकटा पडत नसे. आता निकाल भ्रमणध्वनीच्या पडद्यावर येतो, बहुधा बंद खोलीत, आणि तो पाहणारे मूल त्या क्षणी अगदी एकटे असते. पुढच्या अर्ध्या तासात त्याच्या मैत्रिणींचे, मावसभावंडांचे, शिकवणीतल्या सोबत्यांचे गुण त्याच पडद्यावर येऊन आदळू लागतात. वर्तमानपत्रात फक्त क्रमांक आणि श्रेणी कळे. आता विषयवार गुण तासाभरात सर्व नात्यागोत्यात पोहोचतात. लाजेचा वेग वाढला आहे, आणि म्हणून धीराचाही वेग वाढावयास हवा.

ही लाज आपल्या समाजात थोडी अधिक तीव्र का असते, याचाही विचार करावयास हवा. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांच्या फौजेची छावणी येथे पडली आणि त्या छावणीचेच पुढे लष्कर शहर झाले. त्या काळापासून आणि पुढेही जी मराठी कुटुंबे इकडे आली, त्यांतील अनेकांची शेतीवाडी मागे राहिली. दरबारची कारकुनी, शाळेतली मास्तरकी, वकिली, वैद्यकी यांवर संसार उभे राहिले. लेखणी हेच भांडवल असलेल्या घरात मुलाचे गुण ही केवळ त्याची कमाई राहत नाही. ती घराण्याची पत होऊन बसते. शिवाय आपण संख्येने थोडे. गणेशोत्सवात, हळदीकुंकवात, लग्नकार्यात तीच तीच माणसे भेटतात. मोठ्या शहरात हरवून जाण्याची जी सोय असते ती आपल्याला नाही. अशा ठिकाणी ‘लोक काय म्हणतील’ हे वाक्य मुलाच्या कानी पडते तेव्हा ते लोक त्याला चेहऱ्यांनिशी दिसत असतात.

या लाजेची किंमत कधी कधी फार भयंकर असते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या, आणि राज्यवार पाहता महाराष्ट्र व तमिळनाडू यांच्याबरोबर मध्यप्रदेशाचे नाव सर्वांत वर होते. या सर्वांमागे परीक्षाच होती असे नाही. अशा घटनेमागे बहुधा अनेक कारणांची गुंतवळ असते. तरीही घरातल्या मोठ्यांनी एवढे ध्यानी घ्यावे, की निकालाचा आठवडा हा काही मुलांच्या आयुष्यातला नाजूक काळ असतो, आणि त्या आठवड्यात घर कसे वागते यावर बरेच काही अवलंबून असते.

पहिले दोन दिवस

पहिल्या दिवशी गुणांची चर्चा करू नये. ती करावयाची आहे, सविस्तर करावयाची आहे, पण आज नव्हे. आज त्या मुलाला एवढेच कळावयास हवे, की या घरातले त्याचे स्थान काल होते तेथेच आहे. हे भाषण करून सांगण्याची गरज नसते. रोजच्या वेळी पान मांडावे, त्याच्या आवडीचे काही करावे, आणि सर्वांनी एकत्र जेवावे. मूल जेवावयास आले नाही, तर आईने किंवा आजीने ताट घेऊन त्याच्याजवळ जाऊन बसावे. जेवणाच्या ताटावर गुणांचा विषय काढावयाचा नाही, हा नियम घरातल्या पुरुषमंडळींनी विशेषेकरून पाळावा.

काही वाक्ये त्या दिवशी ओठांवर येऊ देऊ नयेत. ‘काय दिवे लावलेस!’ हे त्यांतले पहिले. ‘तुझ्यासाठी आम्ही काय कमी खस्ता खाल्ल्या?’ हे दुसरे. ‘अमक्याची मुलगी बघ’ हे तिसरे. ही वाक्ये उच्चारणाऱ्याला त्यांत राग दिसतो, काळजी दिसते. ऐकणाऱ्या मुलाला मात्र ‘तू नसतास तर बरे झाले असते’ असा अर्थ ऐकू येतो. उलट टोकाचे सांत्वनही उपयोगी नाही. ‘गुणांना काय अर्थ आहे’ असे, वर्षभर गुणांवाचून दुसरे न बोललेल्या बापाने म्हटले, तर मुलाचा विश्वास बसत नाही. त्यापेक्षा ‘मलाही वाईट वाटले आहे. दोन दिवसांनी आपण दोघे मिळून बघू’ हे साधे, खरे वाक्य मुलाला आधार देते.

अशा वेळी थोरामोठ्यांचे दाखले देण्याची आपल्याकडे रीत आहे. श्रीनिवास रामानुजन कॉलेजच्या परीक्षेत नापास झाले होते आणि पुढे १९१८ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्य झाले, ही गोष्ट जवळजवळ प्रत्येक घरात सांगितली जाते. परंतु त्या गोष्टीतला एक भाग सहसा कोणी सांगत नाही. कुंभकोणमच्या कॉलेजात गणिताखेरीज इतर विषयांत मागे पडल्यामुळे शिष्यवृत्ती गेली, तेव्हा १९०५ मध्ये हा मुलगा घरी न सांगता दूर विशाखापट्टणमला निघून गेला होता, आणि घरच्यांना त्याचा शोध घ्यावा लागला. त्यानंतर मद्रासला पुन्हा प्रवेश झाला, तेथेही अपयश आले. आणि तरीही त्याला घर होते. नापास मुलगा जगप्रसिद्ध होईल की नाही हे कोणालाच सांगता येत नाही, आणि तुमच्या मुलाला तसे सांगणे म्हणजे त्याच्या डोक्यावर आणखी एक ओझे ठेवणे होय. पण निघून गेलेल्या मुलाला शोधून घरी आणणे हे मात्र प्रत्येक आईबापाच्या हाती असते. रामानुजनच्या कथेतून आपण घ्यावयाचा धडा हाच.

या दिवसांत डोळे उघडे ठेवावेत. मूल रात्र रात्र जागत असेल, खाणेपिणे टाकले असेल, आपल्या आवडत्या वस्तू कोणाला देऊन टाकीत असेल, ‘माझ्यामुळे तुम्हांला खाली पाहावे लागले’, ‘मी नसलेलाच बरा’ असे काही बोलत असेल, तर ‘होईल दोन दिवसांत ठीक’ म्हणून सोडून देऊ नये. त्याला एकटे ठेवू नये. ‘जीव नकोसा वाटतो का रे?’ असे सरळ, मायेने विचारावे. विचारल्याने नसता विचार डोक्यात भरतो ही समजूत चुकीची आहे. विचारल्याने उलट कोंडलेली वाफ निघून जाण्यास वाट मिळते. आणि उत्तर होकारार्थी वाटले तर डॉक्टरांकडे जाण्यास क्षणाचाही विलंब लावू नये. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. तो विनामूल्य आहे आणि रात्रंदिवस चालतो. जसा आपण गॅसवाल्याचा नंबर भिंतीवर लिहून ठेवतो, तसा हाही लिहून ठेवावा.

गुणपत्रिका वाचण्याचा दिवस

तिसऱ्या किंवा चौथ्या दिवशी, मन थोडे निवले की, गुणपत्रिका समोर घेऊन बसावे. घरात बसवत नसेल तर संध्याकाळी बापाने मुलाला घेऊन बाहेर पडावे. फूलबागेला एक फेरी मारावी. समोरासमोर बसून जे बोलवत नाही ते शेजारी शेजारी चालताना बोलवते, हा अनेकांचा अनुभव आहे. डोळ्याला डोळा द्यावा लागत नाही, आणि मध्येच गप्प राहिले तरी ते खटकत नाही.

पहिला प्रश्न असा, की हे गुण बरोबर आहेत काय? अनपेक्षित निकालाच्या बाबतीत हा प्रश्न विचारणे म्हणजे सबब शोधणे नव्हे. एखादे उत्तर तपासावयाचे राहून जाते, आतील पानांवरचे गुण मुखपृष्ठावर येत नाहीत, बेरीज चुकते, हजर विद्यार्थी गैरहजर दाखवला जातो. २०१९ च्या एप्रिलमध्ये तेलंगणात इंटरमीजिएटचा निकाल लागला तेव्हा असा गोंधळ झाला, की एका विद्यार्थिनीला मातृभाषेच्या विषयात शून्य गुण दाखविले गेले होते, आणि तपासणीनंतर ते ९९ निघाले. पुढे सर्व अनुत्तीर्ण विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिका फेरपडताळणीसाठी काढण्यात आल्या, आणि त्यांतून अकराशेहून अधिक विद्यार्थी उत्तीर्ण ठरले. परंतु तोवर वीसहून अधिक मुलांनी आपला जीव गमावला होता. कागदाने चूक केली असेल तर ती दुरुस्त होते. तेवढा वेळ माणूस थांबला पाहिजे.

म्हणून नियमांची माहिती करून घ्यावी. निकालानंतर ठराविक मुदतीत, शुल्क भरून, गुणांच्या पुनर्गणनेसाठी अर्ज करता येतो आणि उत्तरपत्रिकेची प्रतही मागता येते. तपासलेली उत्तरपत्रिका ही माहिती अधिकाराच्या कायद्यान्वये ‘माहिती’ आहे आणि ती पाहण्याचा विद्यार्थ्याला अधिकार आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०११ मध्ये दिला. मुदत थोड्या दिवसांची असते. रुसव्याफुगव्यात ती निघून जाते आणि मग हळहळ उरते. अर्ज मुलानेच भरावा, वडिलांनी शेजारी बसावे. आपल्या हातात अजून काही आहे, ही भावना त्या एका कृतीने परत येते.

गुण बरोबर असतील, तर दुसरा प्रश्न येतो : असे का झाले? येथे वकिली उलटतपासणी नको. वैद्याने नाडी पाहावी तसे पाहावे. पेपर पुरा झाला नाही की आला नाही? परीक्षेच्या दिवसांत ताप, पोटदुखी, झोप न लागणे असे काही होते काय? शिकवणीत स्पर्धापरीक्षेची तयारी चालली आणि शाळेचा अभ्यासक्रम तसाच राहिला, असे तर झाले नाही? आपल्या मुलांची एक विशेष अडचणही असते. घरी मराठी, अंगणात हिंदी आणि वर्गात इंग्रजी अशा तीन भाषांतून ती वाढतात. तोंडी उत्तर बिनचूक देणारी मुले लिहिताना वाक्यरचनेत अडखळतात, आणि परीक्षकाला फक्त लिहिलेले दिसते. काही मुलांना वाचन-लेखनाचीच मुळात अडचण असते, जिला डिस्लेक्सिया म्हणतात. हुशार मुलाच्या बाबतीत ती वर्षानुवर्षे झाकली जाते आणि मोठ्या लेखी परीक्षेत एकदम उघडी पडते. तज्ज्ञांकडून तपासणी करून प्रमाणपत्र मिळाल्यास परीक्षामंडळे अशा मुलांना जादा वेळ आणि इतर सवलती देतात. आळस हेही कारण असू शकते; तेही नाकारू नये. मात्र ते निदान शेवटी करावे. आपण ते सर्वांत आधी करतो.

वाट आणि वर्ष

कारण कळले की वाट दिसू लागते. एका परीक्षेवर सारे वर्ष टांगणीला लागण्याचे दिवस हळूहळू मागे पडत आहेत. मध्यप्रदेशात राज्य मुक्त शाळा मंडळाने २०१६ मध्ये ‘रुक जाना नहीं’ ही योजना काढली आणि अनुत्तीर्ण मुलांना त्याच वर्षी पुन्हा बसण्याची संधी दिली. २०२५ मध्ये माध्यमिक शिक्षा मंडळाने मे महिन्याच्या ६ तारखेला निकाल लावून, जुन्या पूरक परीक्षेच्या जागी जूनमध्ये दुसरी परीक्षा घेतली. तीत अनुत्तीर्णांबरोबरच गुण वाढवू इच्छिणाऱ्यांनाही बसता आले. केंद्रीय मंडळाने २०२६ पासून दहावीसाठी दोन परीक्षांची पद्धत ठरविली : पहिली सर्वांना आवश्यक, दुसरी ऐच्छिक, आणि तीत तीन विषयांपर्यंत गुण सुधारण्याची सोय. ज्यांना नेहमीची शाळा झेपत नाही, त्यांच्यासाठी १९८९ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय मुक्त शाळा आहे; तेथे पाच वर्षांच्या मुदतीत एकेक विषय करीत पुढे जाता येते.

तरीही कधी कधी वर्ष जातेच. ‘वर्ष वाया गेले’ हे शब्द आपण फार जड आवाजात उच्चारतो. महर्षी धोंडो केशव कर्वे यांची गोष्ट येथे आठवते. १८७५ मध्ये, ऐन पावसाळ्यात, ते कोकणातील मुरुडहून सह्याद्री ओलांडून पायी साताऱ्यास परीक्षेसाठी गेले. सतरा वर्षांचा हा मुलगा दिसावयास लहानखुरा. तेवढ्यावरून त्यांना परीक्षेलाच बसू दिले नाही. एवढी पायपीट करून रिकाम्या हाताने परत यावे लागले. पुढे मॅट्रिकची परीक्षा ते उत्तीर्ण झाले तेव्हा १८८१ साल उजाडले होते. कर्व्यांना एकशे चार वर्षांचे आयुष्य लाभले. एवढे आयुष्य प्रत्येकाला लाभत नाही हे खरे. पण ज्याला आपण वाया गेलेले वर्ष म्हणतो, ते लांबच्या हिशेबात केवढेसे असते, हे पाहण्यासाठी हा दाखला पुरेसा आहे. मात्र त्या वर्षाला आकार द्यावा लागतो. उठण्याची वेळ, अभ्यासाची वेळ, एखादे वाद्य, टंकलेखन वा संगणकाचे शिक्षण, घरातले एक ठराविक काम हे सारे ठरलेले असावे. रिकामे वर्ष मात्र खावयास उठते.

समाजाचे काम

आता थोडे त्यांच्याविषयी, ज्यांच्या घरी यंदा निकाल नाही. आठ दिवस फोन करून ‘किती पडले?’ असे विचारू नये. ज्यांना सांगावयाचे आहे ते आपण होऊन सांगतात. भेट झालीच, तर ‘सुट्टीत काय करतोस?’ असे विचारावे आणि उत्तर ऐकून घ्यावे. आत्या, मामा, शेजारच्या काकू यांचे एक सहज वाक्य मुलाला तारते किंवा बुडवते.

आपली मराठी मंडळे दरवर्षी गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार करतात. ही परंपरा चांगली आहे, ती मोडू नये; पण तिचा अर्थ थोडा विस्तारावा. १९०७ मध्ये मुंबईत अशीच एक सभा भरली होती. अध्यक्षस्थानी सीताराम केशव बोले होते. सत्कार होता तो भीमराव रामजी आंबेडकर या मॅट्रिक उत्तीर्ण विद्यार्थ्याचा. त्याला ७५० पैकी २८२ गुण होते, म्हणजे आजच्या भाषेत ३७.६ टक्के. आज आपल्या कोणत्याही मंडळाच्या यादीत हे नाव बसले नसते. त्या सभेला मात्र ठाऊक होते, की हा मुलगा कोठून निघून कोठवर आला आहे. तिने टक्के मोजले नाहीत, अंतर मोजले. कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी आपले गौतम बुद्धाचे चरित्र त्याला भेट दिले, आणि पुढे सयाजीराव गायकवाड महाराजांकडून त्याला शिष्यवृत्ती मिळावी म्हणून खटपटही केली. शाल-श्रीफळ देऊन फोटो काढला आणि संपले, असा तो सत्कार नव्हता. एका जाणत्या माणसाने एका मुलाची पाठराखण पत्करली होती.

आपल्या मंडळांनाही हे करता येईल. सत्काराच्या यादीत एक ओळ अशी असावी, की जी मुले गेल्या वर्षी अडली होती आणि यंदा उत्तीर्ण झाली, त्यांचाही पेढा तेवढ्याच सन्मानाने वाटला जावा. अर्थात त्यांची आणि त्यांच्या घरच्यांची संमती असेल तरच. आणि समाजातील निवृत्त शिक्षकांनी, जे प्रत्येक गावात चार-पाच तरी असतात, निकालानंतर आठवडाभर संध्याकाळी तासभर मंडळाच्या खोलीत बसावे. पुनर्गणनेचा अर्ज कसा भरावा, दुसऱ्या परीक्षेची तयारी कोठून सुरू करावी, कोणता विषय बदलणे हिताचे, हे सांगणारे कोणी आहे एवढे कळले, तरी बंद दारे उघडतील. याला निधी लागत नाही, ठराव लागत नाही. एक खोली, दोन खुर्च्या आणि ऐकून घेण्याची तयारी एवढे पुरते.

येत्या निकालापूर्वी आपापल्या मंडळाच्या बैठकीत हा विषय जरूर काढावा. आणि ज्यांच्या घरी या वर्षी दहावी-बारावी आहे, त्यांनी निकालाची वाट न पाहता आजच, जेवताना, मुलाला एकदा सांगून ठेवावे : कागदावर काहीही आले, तरी तो घेऊन सरळ घरी ये.